धूरसूचकाचा पासंग

आमच्या बुलढाणा जिल्ह्यांतील खामगांव चांदीच्या पेढ्यांसाठीं प्रसिद्ध आहे. तेथील सराफ चांदी पारड्यांत टाकण्यापूर्वीं रिकामा तराजू उचलून कांटा पाहत असे. विजेचे कांटे आले तरी आधीं शून्य पाहावेंच लागतें. रिकाम्या पारड्यांतील फरकास पासंग म्हणतात. छतास लावण्याच्या धूरसूचक डबीसहि असा पासंग असतो.

डबीच्या पोटांत एक काळी कोठडी असते. तींत अवरक्त प्रकाशाचा लहानसा दिवा आणि त्याच्या थेट समोर नव्हे, तर कोन करून बसविलेला प्रकाशग्राहक असतो. धूर शिरला कीं कणांवरून प्रकाश विखुरतो, थोडा ग्राहकाकडे वळतो आणि भोंगा वाजतो. कवडशांत धूळ चमकते, तसाच हा प्रकार. परंतु कोठडी कितीहि काळी असली तरी भिंतींवरून थोडा प्रकाश परततोच. धूळ सांचली कीं तो वाढतो.

आमच्या कांहीं मुलांनीं असें यंत्र जुळवून मलकापुराकडील एका जिनिंग कारखान्यांत टांगलें. उदबत्तीचा धूर दिला, भोंगा वाजला, सर्वांनीं टाळ्या वाजविल्या, मींहि वाजविल्या. स्वच्छ हवेंतील आंकडा टिपण्याचें कोणासहि सुचलें नाहीं, आणि शिक्षक म्हणून तो दोष माझाच. दहा-बारा दिवसांत रुईचे तंतू आंत शिरले व भोंगा रात्रंदिवस ओरडूं लागला. अखेर पहारेकऱ्यानें तार ओढून काढली. त्याला बोल कसा लावावा? पण त्याच रात्रीं कापसास ठिणगी लागली असती तर? ९ जानेवारी २०२१ च्या रात्रीं भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयांत नवजात अर्भकांच्या कक्षास आग लागून दहा बालकें गेलीं, तें वृत्त मला त्या वेळीं आठवलें.

मुलांनीं पुन्हां आरंभ केला. कोठडी मऊ कुंचल्यानें झाडली. यंत्र चालू करून अर्धा तास तसेंच ठेविलें. दिवा तापला कीं त्याचें तेज थोडें उतरतें आणि पहिले आंकडे फसवे निघतात. मग स्वच्छ हवेंतील वीस आंकड्यांची सरासरी घेतली, तीच शून्यरेषा. त्यानंतर धूर. पण किती? ‘थोडा’ हें कांहीं माप नव्हे. एक मीटर अंतरांत धूर शेंकडा किती प्रकाश अडवितो, यावर त्याची दाटी मोजतात. शाळेच्या अंगणांत लांब खोकें मांडून, एका टोकास दिवा व दुसऱ्या टोकास प्रकाशमापक ठेवून, मुलांनीं निरनिराळ्या दाटीस यंत्राचे आंकडे टिपले आणि मगच भोंग्याची मर्यादा ठरविली. या साऱ्यास अंशशोधन म्हणतात.

धूर या वेळीं उदबत्तीचा नव्हे, धुमसत्या कापसाच्या वातींचा घेतला. कारखान्यांत पेटणार तो कापूसच ना! युरोपच्या ‘ई. एन. ५४’ या मानकांतहि एका परीक्षेसाठीं सुमारें ९० कापसाच्या वाती ज्वाळा न उठूं देतां धुमसवितात. वऱ्हाडची वात तिकडे पोंचली, असें मीं मुलांस गमतीनें सांगितलें. काळा धूर मात्र प्रकाश गिळतो. त्यास हें यंत्र उशिरां दाद देतें, म्हणून पांढऱ्या धुराचें माप त्यास लावूं नये. बाजारांतील यंत्रें अंशशोधन होऊनच येतात, पण धूळ त्यांसहि चुकत नाहीं.

आतां कारखान्याच्या वहींत दरमहा शून्यरेषेचा आंकडा लिहितात. गेल्या महिन्यांत तो वाढलेला दिसला, तेव्हां कुंचला मागावयास पहारेकरीच आला.