आरेखकाचा संगणक : मेजावरचा कीं मांडीवरचा ?

नाशिकच्या इंदिरानगरापासून अंबडची औद्योगिक वसाहत फार लांब नाहीं. तेथील लहान कारखान्यांना साच्यांचे व यंत्रभागांचे आराखडे लागतात, आणि घरच्या एका खोलींत बसून ते करून देणारा आरेखक या वस्तींत नवलाचा नव्हे. पूर्वीं त्याला फळा, टी-स्क्वेअर आणि पेन्सिल पुरत असे. १९८२ सालीं ऑटोकॅड निघाल्यापासून हळूहळू ही फळी अडगळींत गेली. आतां त्याचें सारें भांडवल म्हणजे एक संगणक, आणि तोहि पुष्कळदां कर्जानें घेतलेला. म्हणूनच लॅपटॉप घ्यावा कीं डेस्कटॉप, हा त्याच्या दृष्टीनें हौसेचा प्रश्न नाहीं.

दुकानदार दोहोंच्या प्रोसेसरांचीं नांवें जवळजवळ सारखींच सांगतो. परंतु खरा फरक उष्णतेचा आहे. डेस्कटॉपचा दणकट प्रोसेसर १२५ वॉटच्या हिशेबानें बांधलेला असतो, तर लॅपटॉपमधील त्याच्या नामबंधूला बहुधा ४५ वॉटांत भागवावें लागतें. साच्याची घनाकृति रचतांना एक माप बदललें, कीं त्यावर अवलंबून असलेलीं सारीं अंगें एकामागून एक पुन्हा घडवावीं लागतात. हें काम मुख्यतः एकाच गाभ्यावर चालतें. गाभ्यांची संख्या वाढवून तें फारसें लवकर होत नाहीं. लॅपटॉप प्रारंभीं यांत मागें पडत नाहीं. पण घटकाभरानें तो तापतो आणि स्वतःला जपण्यासाठीं आपला वेग उतरवतो. वैशाखांतल्या दुपारीं पंख्याखालच्या खोलींत हें अधिकच जाणवतें. शिवाय लॅपटॉपची मेमरी पुष्कळदां पाटीलाच डाख देऊन बसविलेली असते, ती मागाहून वाढवितां येत नाहीं. डेस्कटॉपचा एक भाग बिघडला तर तेवढाच बदलावा. मानेचें दुखणें तर निराळेंच; पंधरा इंची पडद्याकडे आठ तास खालीं पाहणाऱ्याला तें सांगावयास नको.

मग लॅपटॉप निरुपयोगी काय? मुळींच नाहीं. आराखडा घरीं जन्मतो, पण त्याची परीक्षा कारखान्यांत होते. आंतला कोपरा काटकोनी दाखविला असेल, तर मिलिंगवरचा कारागीर लगेच म्हणतो, "साहेब, कटर गोल आहे, कोपरा असा निघायचा नाहीं." त्याच जागीं आकृति फिरवून कोपऱ्याला गोलाई दिली तर पोलाद वांचतें. चुकीचें कापलेलें पोलाद वेल्डिंगनें भरून काढणें फार महागांत पडतें.

तेव्हां रोज आठ तास रेखणाऱ्यानें पैसा डेस्कटॉपांत घालावा, आणि कारखान्यांत दाखविण्यापुरता एखादा जुना लॅपटॉप ठेवावा. आकृति नुसती पाहण्याचीं साधनें फुकट मिळतात. ज्याचे दिवस कारखान्यांच्या फेऱ्यांतच जातात, त्यानें मात्र लॅपटॉपच घ्यावा व घरीं त्याला मोठा पडदा जोडावा. डेस्कटॉप घेणाऱ्यानें यू.पी.एस.ची किंमत त्याच हिशेबांत धरावी. पावसाळ्यांत वीज गेली, तर न सांठविलेलें काम तिच्याबरोबरच जातें.