फॉरमॅट मारूनही



साधारण २००९ सालची गोष्ट. सांगलीत आमच्या घरी हॉलच्या कोपऱ्यात संगणक होता, त्यावर क्रोशाचं कव्हर, आणि त्या कव्हराखाली व्हायरस. दोन महिन्यांत दुरुस्तीवाल्या मुलाला तीनदा बोलावलं. तो यायचा, “काका, फॉरमॅट मारावा लागतोय” म्हणायचा, दोन-अडीच तास बसायचा आणि तीनशे रुपये घेऊन जायचा, चहा वेगळा. आठवडाभर यंत्र सुतासारखं सरळ. मग पुन्हा तेच. फोल्डर उघडत नाही, टास्क मॅनेजर सुरू करावा तर म्हणे तुम्हाला परवानगी नाही. माझ्याच घरात, माझ्याच यंत्रावर!

चौथ्या खेपेला त्या मुलानं कप खाली ठेवला आणि विचारलं, “काका, मी गेल्यावर तुम्ही पहिलं काय करता?”

“काय करणार? फोटो परत घेतो. पेनड्राइव्हवर असतात ना.”

“आणि तो पेनड्राइव्ह आणखी कुठं कुठं लागतो?”

उत्तर हिनं स्वयंपाकघरातून दिलं. “कॉलेजजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात. पोरीच्या प्रोजेक्टच्या प्रिंटा तिथंच काढतो की.”

मुलगा नुसता हसला.

त्या वेळच्या विंडोज एक्सपीत ऑटोरन नावाची एक सोय होती. सीडी घातली की तिच्यातला प्रोग्राम आपोआप सुरू व्हावा, एवढाच तिचा हेतू. सीडीवर ऑटोरन डॉट आयएनएफ नावाची चार ओळींची चिठ्ठी असे, अमुक प्रोग्राम चालवा म्हणून सांगणारी. व्हायरसवाल्यांनी तीच चिठ्ठी पेनड्राइव्हवर ठेवायला सुरुवात केली. पेनड्राइव्हच्या चित्रावर दोनदा क्लिक केलं की आपल्याला वाटे, कपाट उघडलं. खरं तर आपणच चोराला कडी काढून दिलेली असे. २००८ च्या अखेरीस आलेला कॉन्फिकर नावाचा व्हायरस जगभर गाजला, त्यानंही पुढं ही वाट धरली. जुन्या विंडोजमध्ये पेनड्राइव्हपुरती ही सोय बंद करणारं अपडेट मायक्रोसॉफ्टनं घरोघरच्या यंत्रांवर पाठवलं ते फेब्रुवारी २०११ मध्ये.

आमच्याकडचा पाहुणा तर बहुरूपी होता. ‘फोटो’ नावाचा खरा फोल्डर त्यानं लपवला होता आणि त्याच नावाची, पिवळ्या फोल्डरचंच चित्र लावलेली स्वतःची फाइल तिथं बसवली होती. विंडोज फाइलच्या नावाचं शेपूट सहसा दाखवत नाही. मुलानं फोल्डर ऑप्शन्समध्ये जाऊन ते दाखवायला लावलं, आणि ‘फोटो’च्या पुढं डॉट ईएक्सई उमटलं. लग्नाचे फोटो म्हणून मी दर वेळी प्रोग्रामच चालवत होतो!

डेंग्यूच्या दिवसांत आशाताई घरी येतात, पिंपात डोकावतात आणि कोरडा दिवस पाळा म्हणून सांगून जातात. आमच्याकडे रोग्याला दर वेळी औषध दिलं जात होतं आणि पिंप तसंच भरलेलं होतं. तेही एकच नव्हे. फॉरमॅट व्हायचा तो फक्त सी ड्राइव्ह. डी ड्राइव्हमध्ये गाणी, पत्रं, हिशेब, म्हणून त्याला कुणी हात लावायचा नाही. व्हायरसच्या प्रती तिथं सुखानं नांदत. शिवाय एक्सपी स्वतःच्या जुन्या अवस्थांच्या नकला एका बंदिस्त फोल्डरात ठेवत असे. एखादे वेळी फॉरमॅट टळला आणि नुसत्या अँटिव्हायरसवर भागलं, तरी त्या नकलांतला व्हायरस त्याच्या हाती लागत नसे. मग वैतागून आपण सिस्टीम रिस्टोअर करायचं, की संगणकाबरोबर दुखणंही मागच्या तारखेचं परत.

पीसीवरच्या या साऱ्या प्रकाराची सुरुवात मात्र आपल्या शेजारची, लाहोरची. १९८६ मध्ये बासित आणि अमजद फारूक अल्वी या दोन भावांनी ‘ब्रेन’ नावाचा व्हायरस लिहिला. आपल्या सॉफ्टवेअरची कुणी चोरून नक्कल करू नये, एवढाच हेतू होता, असं ते सांगतात. फ्लॉपीवरून पसरणाऱ्या त्या व्हायरसमध्ये त्यांनी दुकानाचा पत्ता आणि फोन नंबरही घातला होता. चोरानं व्हिजिटिंग कार्ड ठेवून जावं तसं! आणि औषध शोधणारेही भाऊच निघाले. पुण्यात कॅल्क्युलेटर आणि संगणक दुरुस्त करणारे कैलास काटकर आणि त्यांचे धाकटे बंधू संजय. दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांत व्हायरस सापडत, त्यावर संजय यांनी प्रोग्राम लिहिले आणि १९९० च्या दशकात त्यातून क्विक हील उभं राहिलं.

आता जमाना बदलला. विंडोजमध्येच अँटिव्हायरस येतो, आणि त्याला ऑफलाइन स्कॅन सांगितलं की तो यंत्र बंद करून, विंडोज जागं होण्याआधी झडती घेतो. व्हायरस झोपेत सापडतो. पण पिंपंही बदलली. गेल्या महिन्यात पुण्याच्या भाच्याचा फोन. “मामा, दोनदा फॉरमॅट केला, तरी ब्राउझरमध्ये जाहिराती येतातच.” विचारलं, फॉरमॅटनंतर पहिलं काय करतोस? म्हणाला, ब्राउझरमध्ये लॉगिन. झालं! त्यानं कधीतरी सिनेमे उतरवून घ्यायला एक एक्स्टेन्शन बसवलं होतं, ते खात्याबरोबर सिंक होऊन प्रत्येक वेळी आपोआप परत येत होतं. पेनड्राइव्हची जागा त्याच्या खात्यानं घेतली होती, एवढंच. एक्स्टेन्शन काढून टाकलं, जाहिराती थांबल्या. मात्र कोपऱ्यात “तुमच्या संगणकात पाच व्हायरस” अशी धमकी येतच राहिली. ती व्हायरसची नव्हतीच. कुठल्याशा साइटला त्यानं ‘अलाउ’ म्हणून सूचना पाठवायची परवानगी दिली होती, तिची होती. फुकटच्या क्रॅक सॉफ्टवेअरबद्दल मी त्याला विचारलं नाही. विचारायची गरज वाटली नाही, आणि त्यानंही विषय काढला नाही.

परवा सांगलीत त्याच झेरॉक्सच्या दुकानात गेलो होतो. भिंतीवर पाटी आहे : ‘पेनड्राइव्ह आणू नये, व्हॉट्सअ‍ॅप करावे.’ पाटीखाली काउंटरवर एक काचेची बरणी, गिऱ्हाइकं विसरून गेलेल्या पेनड्राइव्हांनी निम्मी भरलेली. त्यात निळ्या दोरीचा एक होता. आमचाच असावा. मी काही तो मागितला नाही.