वर्गणीची कादंबरी आणि तिचा खलनायक

वाचकांकडून आगाऊ वर्गणी घेऊन पुस्तक काढण्याची रीत जुनी आहे. पोप या कवीने 'इलियड'चे इंग्रजी भाषांतर १७१५ पासून असेच काढले. २०२२ च्या मार्चमध्ये अमेरिकन कादंबरीकार ब्रँडन सँडरसन याने 'किकस्टार्टर'वर चार कादंबऱ्यांसाठी ४ कोटी १७ लाख डॉलर जमविले. आकड्याने डोळे दिपतात. आम्हांस मात्र महत्त्वाचे वाटते ते हे की, त्या चारही कादंबऱ्या त्याने आधीच लिहून ठेवल्या होत्या!

कोऱ्या कागदावर पैसे घेतले की लेखणीवर सावकार बसलाच म्हणून समजा. त्यातून हा सावकार प्रेमळ; त्याला दुखवणे जिवावर येते. मग खलनायक मिशा पिळू लागतो, गडगडाटी हसू लागतो, आणि वर्गणीदार 'हा काही मी नव्हे' म्हणून सुखाने झोपतो.

हरिभाऊंचे शंकरमामंजी आठवा. ते मिशा पिळत नाहीत; धर्माची भाषा बोलतात, आपल्याच माजघरातली. 'पण लक्षात कोण घेतो' १८९० पासून 'करमणूक' पत्रात क्रमशः येत होती, आणि वाचक अशाच मामंजींच्या घरांतले. तरी हरिभाऊंनी हात आखडला नाही.

तेव्हा वर्गणीची जाहिरात काढण्यापूर्वी निदान खलनायकाची प्रकरणे तेवढी लिहून पुरी करावीत, असे आम्ही सुचवतो.