घरी केलेले घड्याळ : हत्यारे आणि झिलई

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



समोरच्या भिंतीवर पितळी चेहऱ्याचे, लाल आकड्यांचे जे घड्याळ आहे ते माझ्या धाकट्या लेकीने व मी घरी केले. ते कसे केले ते सांगा, असा चिटणीसबाईंचा आग्रह पडला. भाषणाची मला सवय नाही. पाककृती सांगावी तसे सांगते, आणि काय करपले तेही सांगते.

घड्याळाच्या पोटात स्फटिकाचा एक बारीक तुकडा असतो. वीज मिळाली की तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. ही संख्या पंधरा वेळा निम्मी करा, नेमका १ उरतो. तोच आपला सेकंद. मुलांना हे गणित जरूर घाला. थंडी-उकाड्याने स्फटिकाची चाल थोडी बदलते. आम्ही वापरलेली डीएस ३२३१ नावाची चिप तो फरक आपणच भरून काढते, त्यामुळे वर्षाकाठी फार तर एखाद्या मिनिटाचा फरक पडतो. जोडीला गोल सेल असतो, म्हणून दिवे गेले तरी वेळ चुकत नाही. हा भाग लेकीचा. हत्यारे आणि धातू हा माझा भाग, आणि चूकही माझीच झाली.

लहानपणी आमच्या अंगणात कल्हईवाला येई. तापल्या भांड्यावर तो नवसागर टाकी, मळ सुटे, आणि मग कथील चकचकीत धरी. घड्याळाच्या तारांना डाख द्यायचा तोही कथलाचाच. लेक म्हणाली, “आई, सोल्डरच्या तारेत राळ असते, दुसरे काही लागत नाही.” मी म्हटले, “तू मला कल्हई शिकवतेस?” आणि नवसागर लावला. डाख सुरेख बसला. पण नवसागराचा अंश मागे राहिला, आपल्या खाऱ्या दमट हवेत त्याने तांबे खाल्ले. श्रावणात तारा हिरव्या पडल्या आणि एकेक करून तुटल्या. तिचे साठवलेले खाऊचे पैसे त्यात गेले. पोर एक शब्द बोलली नाही, ते मला जास्त लागले. पुन्हा मांडामांड केली तेव्हा मी तिच्या हाताखाली बसले.

आता हत्यारे. सगळी एकदम घेऊ नका. सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचे, टोक बारीक, हे मात्र बरे पाहून घ्या. फार मोठे घेतले तर चिप भाजते. राळ भरलेली बारीक सोल्डरची तार, लहान कटर, चिमटा आणि साधा मल्टीमीटर एवढे विकत घ्यावे. करवत, कानस व ड्रिल रोज लागत नाहीत, ती शेजारी मागून आणावीत. पातळ पत्रा कापताना बारीक दात्यांचे पाते लावा आणि पत्रा दोन फळ्यांमध्ये दाबून धरा, म्हणजे तो फडफडत नाही. सोल्डरमध्ये बहुधा शिसे असते. म्हणून हे काम ओट्यावर नको, खिडकी उघडी हवी, आणि हात साबणाने धुतल्याशिवाय कणकेला लावू नयेत. वीज मोबाईलच्या ५ व्होल्टच्या चार्जरची घ्यावी, भिंतीतल्या विजेशी खेळ नको.

चेहऱ्याला धातू कोणता घ्यावा? स्टेनलेस स्टील डागत नाही, पण घरच्या ड्रिलला दाद देत नाही. ॲल्युमिनियम हलके आणि कापायला सोपे, पण साधा डाख त्याला धरत नाही. त्यावर अ‍ॅनोडायझिंग करून आणले तर रंगही टिकतो. निकेलचा मुलामा कठीण आणि देखणा, पण तो कारखान्यातून करून आणावा लागतो. पितळ मऊ, कानशीला वश, आणि आपल्या हाताच्या ओळखीचे. म्हणून आम्ही पितळ घेतले.

लेकीला आरशासारखी झिलई हवी होती. एक कोपरा तशी करून पाहिली तर खोलीतला दिवा त्यात पडून आकडेच दिसेनात. मग २२०, ४०० आणि शेवटी ८०० नंबरचा पॉलिश पेपर एकाच दिशेने ओढला. गोल गोल घासू नका. रेशमी पदरासारखी मंद चमक येते. मग स्पिरिटने पुसून, पुन्हा बोट न लावता, पारदर्शक लॅकरचे दोन पातळ हात दिले. बोटाचा ठसा आत राहिला तर तो पुढे काळा उमटतो. पितळेतून वीज जाते हे विसरू नका. सर्किट आणि पत्रा यांच्यामध्ये प्लॅस्टिकचे ठोकळे हवेत, नाहीतर चालू करताच चिप जाते.

भगिनींनो, झिलई निवडताना दुकानातली चमक पाहू नये. आपली हवा कशी आहे आणि ती वस्तू रोज कोण कशाने पुसणार आहे, ते पाहावे. हत्यार कामाचे माप घेऊन निवडावे. आणि हाताशी जुने ज्ञान असले तरी नव्या कामाला ते लागू पडते का, हे धाकट्यांनाही विचारावे. मी विचारले असते तर एक घड्याळ वाचले असते.

शेवटी एक विनंती. परवा सजावट करताना आपल्यातलीच एक मैत्रीण प्रेमाने घड्याळाला चिंच लावायला निघाली होती. बाईंनो, देवाच्या समईला चिंच लावा. या घड्याळाला लॅकर आहे, त्याला कोरडे मऊ फडके पुरे. एवढे बोलून मी आपली रजा घेते.