पुस्तक जागेवर नाही

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, लग्नकार्यात ओळख करून देताना कुणी सांगितलं, की या विद्यापीठाच्या ग्रंथालयात असतात, तर समोरचा माणूस हमखास म्हणतो, "वा, म्हणजे दिवसभर वाचनच!" मी हसून मान हलवते. खरं सांगायचं तर ग्रंथालयात नोकरी करणाऱ्याला दिवसा वाचायला मिळतात ती बिलं, अर्ज आणि पुस्तकांच्या पाठीवरचे आकडे. पुस्तकं वाचायची ती घरी, रात्रीची आवराआवर झाल्यावर. मिठाईच्या दुकानातला माणूस काही दिवसभर पेढे खात नाही, तसंच हे.

सकाळी आठला आमचं दार उघडतं, पण साडेसातपासून पायऱ्यांवर रांग असते. ही रांग पुस्तकांसाठी नसते, खुर्चीसाठी असते. स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी मुलं आपली पुस्तकं आपणच आणतात. त्यांना हवा असतो पंखा, दिवा, मोबाइलसाठी प्लग आणि शांतता. एका खोलीत चौघं राहणाऱ्या मुलाला या चार गोष्टी एकत्र दुसरीकडे कुठे मिळणार? ग्रंथालयाची अभ्यासिका झाली म्हणून काही प्राध्यापक हळहळतात. मला त्याचं वाईट वाटत नाही. आज खुर्चीसाठी आलेला मुलगा महिन्याभरानं कधीतरी उठून मांडण्यांकडे जातो, हे मी पाहिलेलं आहे.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नंतर आमच्या पाट्या बदलल्या. पुण्याचं जयकर ग्रंथालय काय किंवा कोल्हापूरचं खर्डेकर ग्रंथालय काय, आता ती 'ज्ञानस्रोत केंद्रं' आहेत. मुलं मात्र अजून 'लायब्ररी'च म्हणतात, आणि रिक्षावालेही. पाटी बदलली, कार्डांची कपाटं जाऊन संगणक आले, पण देवघेवीच्या खिडकीवरचं एक वाक्य होतं तिथेच आहे. ते म्हणजे, "पुस्तक जागेवर नाही."

हे वाक्य वाचकाला फार लागतं. संगणक सांगतो, पुस्तक उपलब्ध आहे. कुणी घरी नेलेलं नाही. पण मांडणीपाशी जावं, तर दोन पुस्तकांच्या मध्ये नुसती फट. बहुतेक वेळा हे पुस्तक चोरीला गेलेलं नसतं. ते याच इमारतीत, कदाचित दहा पावलांवर, भलत्याच शेजाऱ्यांमध्ये उभं असतं. दोन लाख पुस्तकांत जागा चुकलेलं पुस्तक आणि हरवलेलं पुस्तक यांत वाचकाच्या दृष्टीनं काही फरक नाही.

जागा चुकते कशी, ते थोडं सांगते. आपल्याकडच्या बऱ्याच ग्रंथालयांत मेल्विल ड्युई यांची १८७६ साली प्रसिद्ध झालेली दशांश वर्गीकरण पद्धत वापरतात. प्रत्येक विषयाला आकडा. महाराष्ट्राच्या इतिहासाचा आकडा ९५४.७९२. आता घाईत त्यातला सात निसटला, तर होतो ९५४.९२, आणि तो आहे बांगलादेशाचा. म्हणजे शिवकाळावरचं पुस्तक एका आकड्याच्या चुकीनं ढाक्याला जाऊन बसतं. दुसरी गंमत दशांशाची. ३३०.९५४ म्हणजे भारताची आर्थिक स्थिती आणि ३३०.९६ म्हणजे आफ्रिकेची. आधी कोणतं लावायचं? नवा माणूस नऊशे चोपन्न मोठे आणि शहाण्णव लहान, असा हिशेब करून आफ्रिका आधी लावतो. पण दशांशात ३३०.९५४ आधी यायला हवं. शाळेत शिकलेलं अपूर्णांकांचं गणित पुन्हा कामाला येतं ते इथे.

हे झालं नजरचुकीचं. दुसरा प्रकार मुद्दाम केलेला. परीक्षा जवळ आली, की अर्थशास्त्राचं एकुलतं एक पुस्तक वनस्पतिशास्त्राच्या मांडणीत, मागच्या ओळीत आडवं ठेवलेलं सापडतं. घरी न्यायला कार्ड भरलेलं असतं, दुसऱ्या कुणाला मिळू द्यायचं नसतं, मग ही युक्ती. दारातलं चोरी पकडणारं यंत्र इथे काही करू शकत नाही. ते ओरडतं पुस्तक बाहेर जाताना. आत लपलेल्या पुस्तकाची त्याला दाद ना फिर्याद.

यावर उपाय एकच आणि तो जुना. एक माणूस सकाळी मांडणीपुढे उभा राहतो आणि डावीकडून उजवीकडे, वरच्या खणातून खालच्या खणात, नुसते आकडे वाचत जातो. चुकलेलं पुस्तक दिसलं, की काढतो आणि त्याच्या जागी नेऊन ठेवतो. आमच्याकडे हे काम एक ग्रंथपरिचर करायचे. सगळे त्यांना मामा म्हणत, कुलगुरूसुद्धा. शिक्षण नववीपर्यंत. पण ते मांडण्यांतून चालत गेले, की वाकडं बसलेलं पुस्तक त्यांना दिसायचं, जसं शेतकऱ्याला पिकात तण दिसतं. कुणाचं कोणतं पुस्तक कुठे दडवलेलं असेल याचाही त्यांना अंदाज असे. "मॅडम, परीक्षा पंधरा दिवसांवर आलीय, वनस्पतिशास्त्र बघून येतो," म्हणायचे आणि हातात तीन-चार पुस्तकं घेऊन परत यायचे.

मामा निवृत्त झाले आणि त्यांची जागा भरली गेली नाही. त्यांच्या आधीच्या दोन जागाही रिकाम्याच होत्या. पुढच्या साठापडताळणीत न सापडलेल्या पुस्तकांची यादी साहजिकच लांबली. बैठकीत ती यादी समोर आली आणि एका ज्येष्ठ सदस्यांनी तोडगा सुचवला, की मुलांना आत सोडायचंच कशाला? मांडण्यांना जाळी लावा, चिठ्ठी घ्या, पुस्तक आणून द्या. पूर्वी असंच होतं की.

होतं खरं. मी त्यांना दोन गोष्टी सांगितल्या. पहिली व्यवहाराची. चिठ्ठीवर पुस्तक आणून द्यायचं, तर आणायला माणूस लागतो. आत सोडलेला वाचक आपलं पुस्तक आपण शोधतो, म्हणून तर आम्ही इतक्या कमी माणसांत निभावतोय. जाळी लावली तर तीन जागा आधी भराव्या लागतील. दुसरी गोष्ट नियमाची. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत ग्रंथालयांसाठी कलम २१५ आहे. वर्षभरात वाचलेल्या आणि घरी दिलेल्या पुस्तकांमागे हजारी पाच पुस्तकं गहाळ होणं वाजवी मानावं, असं ते सांगतं. अट अशी, की त्यात अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसावी. हजार रुपयांहून महाग आणि दुर्मीळ पुस्तकांची मात्र चौकशी झालीच पाहिजे. आम्ही राज्याचे, आमचे नियम निराळे. पण सरकारी कागदावर कुणीतरी मान्य केलंय, की पुस्तकं वापरली तर थोडी झिजणार आणि थोडी जाणार, हे मला महत्त्वाचं वाटतं. हिशेब वापरावर मांडलाय, साठ्यावर नाही. ज्या ग्रंथालयातून एकही पुस्तक जात नाही, तिथे कुणी फिरकतं का, हे आधी विचारायला हवं.

तिसरी गोष्ट मी बैठकीत बोलले नाही, ती इथे सांगते. काही दिवसांपूर्वीच एम.ए.ची एक मुलगी खिडकीशी आली होती. आईवडील ऊसतोडीला जाणारे, आणि ऊसतोड कामगारांवरच तिला प्रकल्प करायचा होता. मी म्हटलं, आत जा, ३३१ बघ. ती जागची हलेना. हळूच म्हणाली, "मॅडम, आत जाऊ देतात?" तिच्या शाळेत पुस्तकांचं कपाट होतं आणि त्याची किल्ली मुख्याध्यापकांकडे असायची. ती दोन तासांनी बाहेर आली. नेलं होतं एका पुस्तकाचं नाव, हातात होती पाच. त्यातली चार तिला चिठ्ठीवर मागता आली नसती, कारण ती आहेत हेच तिला ठाऊक नव्हतं.

शियाळी रामामृत रंगनाथन १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. मूळचे गणिताचे प्राध्यापक. पुढे इंग्लंडला जाऊन ग्रंथालयशास्त्र शिकले आणि १९३१ मध्ये त्यांनी पाच सूत्रं मांडली. त्यांतलं पहिलंच पुस्तकाच्या वापराविषयी आहे आणि चौथं वाचकाच्या वेळेविषयी. दरवर्षी १२ ऑगस्टला, त्यांच्या जयंतीला, आम्ही त्यांच्या तसबिरीला हार घालतो. हार घालणं सोपं आहे.

बैठकीत जाळीचा विषय तूर्त मागे पडला. 'तूर्त' हा शब्द इतिवृत्तातलाच. जागा काही भरल्या नाहीत. 'कमवा आणि शिका' योजनेतली सहा मुलं मिळाली आणि मामा निवृत्त असूनही महिनाभर रोज सकाळी तासभर येऊन त्यांना शिकवत राहिले. सहांपैकी एक ती ऊसतोडीवरची मुलगी. प्रत्येकाकडे ठरावीक मांडण्या आहेत. यादीतली बरीचशी पुस्तकं एकेक करून घरातच सापडली. काही खरोखर गेली आहेत, त्यांची चौकशी चालू आहे.

कुणी म्हणेल, आता सगळंच संगणकावर आलंय, मांडण्यांची एवढी काळजी कशाला? नियतकालिकांपुरतं ते बरंचसं खरं आहे. 'एक राष्ट्र, एक सदस्यता' ही केंद्राची योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाली आणि तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिकं सरकारी उच्चशिक्षण संस्थांना खुली झाली. आमच्यासारख्यांचा त्यामुळे मोठा भार हलका झाला. पण मराठीतली जुनी पुस्तकं, गॅझेटियर, जिल्ह्याजिल्ह्यांचे अहवाल यांतलं फार थोडं पडद्यावर आलंय. ते मांडणीवरच शोधावं लागतं, आणि पावसाळ्यात बुरशी व कसर यांच्यापासून सांभाळावंही लागतं.

तेव्हा श्रोतेहो, एक विनंती. ग्रंथालयात गेलात, तर वाचून झालेलं पुस्तक मांडणीत परत ठेवू नका. आईनं लावलेलं वळण म्हणून पुष्कळजण ते प्रेमानं ठेवतात, आणि नेमकं तिथेच चुकतं. पुस्तक टेबलावर राहू द्या. संध्याकाळी आमची मुलं ती मोजतात, कोणतं किती वाचलं गेलं त्याची नोंद करतात आणि मग जागेवर लावतात. काल टेबलांवर तीनशे बारा होती.