ठणका थांबतो तेव्हा

दातदुखीसाठी आपल्या मराठीत किती शब्द आहेत पाहा. थंड पाण्यानं दात शिवशिवतो. कीड खोल गेली की सणक येते. आणि रात्री सगळं घर निजलं की सुरू होतो तो ठणका. मी कविता लिहिणारा माणूस, शब्द गोळा करण्याची खोड जुनीच. पण हे तीन शब्द म्हणजे एकाच दुखण्याच्या तीन पायऱ्या आहेत, हे मला समजलं ते माझ्या दाढेचं रूट कॅनॉल झालं तेव्हा. चौथी पायरी सर्वांत फसवी. तिच्यासाठी आपल्याकडे शब्दच नाही, कारण तेव्हा दात दुखतच नाही.

दात दगडासारखा दिसला तरी तो जिवंत असतो. वर इनॅमलचं कवच, शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. त्याखाली डेंटिनचा थर. आणि आत मऊ गाभा. त्यात रक्तवाहिन्या असतात, मज्जातंतू असतात. आपण त्यालाच 'नस' म्हणतो. मुळाच्या टोकाशी असलेल्या बारीक छिद्रातून हा गाभा जबड्याशी जोडलेला असतो.

'दातात किडा आहे' असं आपण म्हणतो, पण किडा वगैरे नसतो. डब्ल्यू. डी. मिलर या दंतवैद्यानं 1890 साली ग्रंथ लिहून दाखवून दिलं की तोंडातले जिवाणू साखर आणि पिष्टापासून आम्ल तयार करतात आणि त्या आम्लानं दात झिजतो. कवच फुटलं की दात शिवशिवतो. घोट गिळला की थांबतो. या पायरीवर बहुधा साधं फिलिंग करून भागतं. जिवाणू गाभ्याजवळ पोहोचले की थंड-गरमाची सणक मिनिट-मिनिट रेंगाळते. पुढे गाभा सुजतो. बोट सुजलं तर फुगायला जागा असते. इथे चारी बाजूंनी कठीण भिंती. आडवं झाल्यावर डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो, म्हणून रात्री ठणका जास्त.

मग एके दिवशी ठणका आपोआप थांबतो. माणूस म्हणतो, सुटलो! खरं तर गाभा मेलेला असतो. जिवाणू मात्र आतच राहतात आणि मुळाच्या टोकातून हाडात उतरतात. तिथे पू धरतो. कधी हिरडीवर पुळी येते, फुटते, पुन्हा येते. दुखत नाही म्हणून तिच्याकडे कुणी पाहत नाही.

माझे थोरले चुलते, आमचे बडे अब्बा, यांचं असंच झालं. ऊसतोडीचे दिवस होते. दाढ आठवडाभर ठणकली आणि गप्प झाली. 'मेली एकदाची,' ते म्हणाले. शब्द अगदी अचूक होता. सहा-सात महिन्यांनी जबडा सुजला. त्यात त्यांना मधुमेह. तिसऱ्या दिवशी सूज गळ्यापर्यंत उतरली, लाळ गिळवेना, तोंड उघडेना. जिल्ह्याच्या दवाखान्यात हनुवटीखाली चिरा देऊन पू काढला, दाढ काढली. बडे अब्बा वाचले, पण बडी अम्मीनं खाटेशी काढलेल्या त्या रात्री आमच्या घरात कुणी विसरलेलं नाही. दातानं कोणी मरत नाही, असं म्हणतात. ते खरं नाही. दातदुखीबरोबर ताप, जबड्याखाली वाढती सूज, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, तर सकाळची वाट न पाहता मोठं रुग्णालय गाठावं.

'गोळ्या घेऊ, बघू,' हा आपला आवडता उपाय. अँटिबायोटिक रक्तातून प्रवास करतं. मेलेल्या गाभ्यात रक्तच जात नाही. सूज पसरली असेल, ताप असेल, तर डॉक्टर ते देतात. पण घर जिवाणूंच्याच ताब्यात राहतं. लवंगेच्या तेलातल्या युजेनॉलनं बधिरपणा येतो, तोही तेवढ्यापुरताच. आमचे अब्बा नेमानं मिसवाक करत, शेजारी कडुनिंबाची काडी चावत. स्वच्छतेला दोन्ही चांगलं, पण दाढेच्या आत काडी पोहोचत नाही. आणि मिश्री मात्र नकोच. दात दुखतो म्हणून लावलेली मिश्री आपल्या किती आयाबायांना जन्माची चिकटली! ती तंबाखूच आहे, कॅन्सरची वाट आहे.

खरा शत्रू जिवाणूच, याचा पुरावा 1965 सालच्या एका अमेरिकन प्रयोगात मिळाला. काही उंदीर पूर्णपणे जंतुमुक्त वातावरणात वाढवले होते. त्यांच्या आणि साध्या उंदरांच्या दातांचा गाभा उघडा केला. साध्या उंदरांचा गाभा सडला. जंतुमुक्त उंदरांचा मात्र, त्यात अन्नाचे कण जाऊनही, भरून आला. रूट कॅनॉलमागचा विचार हाच: जिवाणू काढा आणि परत येण्याची वाट बंद करा.

म्हणजे करतात काय? एक्स-रे काढतात, भूल देतात. रबराचा पडदा लावून दात लाळेपासून वेगळा ठेवतात. माथ्यावर छिद्र पाडून केसाएवढ्या बारीक कानशींनी नळ्या साफ करतात, जंतुनाशक द्रावणानं धुतात. खालच्या पहिल्या दाढेत बहुधा तीन नळ्या असतात, वरच्या पहिल्या दाढेत पुष्कळदा चार. एखादी राहिली तर दुखणं परतू शकतं, म्हणून डॉक्टरांना घाई करायला लावू नये. माझ्या वेळी सुई टोचली तेवढंच दुखलं. पुढचे एक-दोन दिवस चावताना दाढ हुळहुळली, इतकंच.

रिकाम्या नळ्यांत गटापर्चा भरतात. हा मलायातल्या एका झाडाचा चीक. 1870 साली 'ग्रेट ईस्टर्न' जहाजानं मुंबई ते एडन समुद्राखालून तारेची केबल टाकली, तिच्यावरही गटापर्च्याचंच वेष्टण होतं. ज्यानं समुद्राचं पाणी तारेत शिरू दिलं नाही, तोच माझ्या दाढेत पहाऱ्याला बसला आहे! शेवटी दाढेवर कॅप बसवतात. ती टाळू नये. पोखरलेली दाढ चावताना फुटू शकते.

खर्चाचा प्रश्न खरा आहे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे सरकारी दंत महाविद्यालयं आहेत, तिथे हे काम खासगी दवाखान्यापेक्षा पुष्कळ स्वस्तात होतं. दाढ वाचण्यासारखी नसेल तर ती काढणं हाही उपचारच. मात्र मोकळ्या जागेकडे शेजारचे दात कलतात, समोरचा दात लांबतो, हे डॉक्टरांशी आधीच बोलून घ्यावं.

सर्वांत स्वस्त उपचार पहिल्या पायरीवर असतो, दात नुसता शिवशिवतो तेव्हा. ती वेळ गेली असेल, ठणका लागला असेल, तर डॉक्टरांची वेळ घ्या. आणि त्या वेळेआधी ठणका थांबला, तरी ठरल्याप्रमाणे जा.