विचाराचा भागीदार

मोठ्या कारखान्याच्या मालकाला सल्ला देणारे पुष्कळ असतात. वकील असतो, हिशेबनीस असतो, घरचीं मंडळी तर असतेच. परंतु मालक ज्या मतावर हट्टानें बसला आहे, त्याच मताकडे त्याला पुन्हा एकदां पाहावयास लावील असा माणूस फार थोड्यांना लाभतो. जपानांतील सोइचिरो होंडा ह्यांना तो लाभला होता. आपल्याकडील रस्त्यांवर ज्यांच्या नांवाच्या दुचाक्या धांवतात, तेच हे होंडा.

होंडा हे लोहाराचे चिरंजीव; जन्म १९०६ चा. यंत्राचा नाद विलक्षण. १९४८ सालीं त्यांनीं आपली कंपनी काढली आणि पुढच्याच वर्षीं ताकेओ फुजिसावा हे गृहस्थ त्यांना येऊन मिळाले. यंत्र होंडांनीं पाहावें, पैसा व विक्री फुजिसावांनीं, अशी वांटणी ठरली. होंडांनीं कंपनीचा शिक्काच त्यांच्या स्वाधीन केला. जपानांत सहीच्या जागीं शिक्का उमटवितात. तेव्हां शिक्का देणें म्हणजे तिजोरीची किल्लीच देणें! हा विश्वास पुढें वीस वर्षांनीं कसा उपयोगीं पडला, तें पाहण्यासारखें आहे.

मोटारीचें इंजिन चालतांना तापतें. तें निववण्याचे दोन मार्ग आहेत. एक, त्याच्याभोंवतीं पाणी खेळवावयाचें. दुसरा, त्यावर सरळ वारा घ्यावयाचा. होंडा वाऱ्याच्या पक्षाचे. पाणी तरी अखेर वाऱ्यानेंच निवतें ना, मग मधें पाण्याची दलाली कशाला, असा त्यांचा रोकडा सवाल असे. १९६९ सालीं त्यांनीं ह्याच पद्धतीची ‘एच १३००’ नांवाची मोटार बाजारांत आणली. इंजिन मोठें करामतीचें होतें, पण तें जड झालें आणि त्यावरील खर्चहि वाढला. इकडे तरुण इंजिनिअरांची खात्री झाली होती कीं, धुरांतील विषारी वायु कमी करावयाचे तर इंजिनाची उष्णता एकसारखी राखली पाहिजे, आणि तें पाण्यावांचून साधणार नाहीं. पण हें होंडांना सांगणार कोण? रागाच्या भरांत हातांतला पाना भिरकावणारे म्हणून त्यांची ख्याति होती!

मंडळी फुजिसावांकडे गेली. फुजिसावा कांहीं इंजिनिअर नव्हते. त्यांनीं होंडांपाशीं विषय काढला, तेव्हां वाऱ्यानेंहि तेंच काम होतें, तुम्हांला तें समजावयाचें नाहीं, अशा अर्थाचें उत्तर मिळालें. फुजिसावांनीं वाद घातला नाहीं. त्यांनीं एवढेंच विचारलें कीं, आपण ह्या कंपनीचे अध्यक्ष म्हणून राहणार, कीं इंजिनिअरांपैकीं एक म्हणून? दोहोंपैकीं एक काय तें आपणच ठरवावें.

होंडा कांहीं वेळ स्तब्ध राहिले. मग म्हणाले, अध्यक्षच राहिलें पाहिजे. तर मग त्या मुलांना पाण्याचें इंजिन करूं द्याल ना, असें फुजिसावांनीं विचारलें. होंडांनीं होकार दिला.

वारा कीं पाणी ह्या वादांत फुजिसावा शिरले असते तर पहिल्या पांच मिनिटांतच हरले असते, कारण तें क्षेत्र होंडांचें. त्यांनीं इंजिन बाजूला ठेविलें आणि हा निर्णय कोणत्या नात्यानें घेतला जात आहे, तें विचारलें. इंजिनिअराला आपल्या कल्पनेचा अभिमान धरण्याची मुभा आहे; शेंकडों संसार ज्याच्यावर अवलंबून आहेत त्या अध्यक्षाला ती नाहीं. हाच प्रश्न एखाद्या पगारी सल्लागारानें केला असता तर पाना खचित भिरकावला गेला असता. वीस वर्षें शिक्का सांभाळलेल्या माणसाला तो विचारतां आला.

पुढें १९७० सालीं अमेरिकेंत मोटारींच्या धुराविरुद्ध कडक कायदा झाला. पुष्कळ कारखानदार म्हणूं लागले, हें शक्यच नाहीं. होंडांच्या तरुणांनीं मुख्य कोठडीला एक लहान कोठडी जोडली. तिच्यांत पेट्रोलाचें दाट मिश्रण पेटवून त्या ज्वालेनें मोठ्या कोठडींतील विरळ मिश्रण जाळावयाचें, अशी ती युक्ति. ‘सी. व्ही. सी. सी.’ नांवाचें हें इंजिन, अर्थात् पाण्यानें निवणारें, १९७२ च्या अखेरीस अमेरिकन सरकारच्या कसोटीस उतरलें.

ह्याच कामाच्या दिवसांत होंडा म्हणाले होते कीं, अमेरिकेच्या बड्या कंपन्यांना गांठण्याची ही संधि आहे. तरुणांना तें रुचलें नाहीं. आपण हें कंपनीसाठीं करीत नसून समाजासाठीं करीत आहों, असें त्यांचें म्हणणें पडलें. तें ऐकून होंडांना आपलें वय जाणवलें.

१९७३ सालीं फुजिसावांनीं निवृत्तीचा विचार प्रथम बोलून दाखविला. तो कानीं येतांच होंडांनींहि आपण त्यांच्याबरोबरच जाणार असें ठरविलें. निरोपाच्या त्या दिवसांत दोघे भेटले, तेव्हां आजवरचें सारें बरें झालें म्हणावयाचें, असें एकानें म्हटलें; हो, बरेंच म्हणावयाचें, असें दुसऱ्यानें. मग दोघांनीं एकमेकांचे आभार मानले.